सोवळं कोणासाठी?

नदी देवता असेल तर ती घाण कशी होते, आणि घाण होत असेल तर ती देवता कशी? पाचोरा तालुक्यात हा प्रश्न मी पारावर ऐकला, शाळेच्या व्हरांड्यात ऐकला, दहाव्याच्या विधीला नदीकाठी बसलेल्या माणसांकडूनही ऐकला. माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेली, आधी आरोग्य सेवक आणि पुढे आरोग्य सहायक म्हणून. गावोगावच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा साठा बघायचा, साथ आली की घरोघर फिरायचं. गळ्यातली तुळशीची माळ वडिलांच्या वेळेपासून घरात चालत आलेली. हातात नमुन्याची बाटली आणि गळ्यात माळ असा माणूस दारात आला की लोकांना हा प्रश्न सुचतोच.

उत्तरं बहुतेक दोनच मिळायची. म्हातारी माणसं म्हणायची, ‘नदीले काय व्हस, भाऊ? ती तं माय शे.’ शिकलेली पोरं म्हणायची, देवाचं बाजूला ठेवा, पाणी म्हणजे पाणी, नमुना तपासा आणि मोकळे व्हा. पहिल्यांची श्रद्धा इतकी मोठी की नदीला काही होऊ शकतं हेच तिला मान्य नाही. दुसऱ्यांच्या तपासणीत पाण्याचा दोष कळतो, पण त्या पाण्याशी आपलं नातं काय हे कळत नाही. दोघांच्याही बोलण्यात एक माणूस कायम गैरहजर असतो. आपल्यानंतर ते पाणी जो पिणार आहे, तो. मला वाटतं, या प्रश्नाचं धर्माच्या अंगानं द्यायचं उत्तर त्या माणसापासून सुरू व्हायला हवं.

पाचोऱ्यात राहून पाण्याचा विचार करायचा तर नद्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. हिवरा अजिंठ्याच्या डोंगरांकडून उतरते आणि आमच्या शहरातून वाहते. गिरणा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते. मालेगावात तिला मोसम मिळते, नांदगाव तालुक्यात पांझणजवळ ती धरणात अडते, मग चाळीसगाव, भडगाव, पाचोरा असं करत ती तापीला जाऊन मिळते. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं आणि धरणातून आवर्तन कधी सुटतंय याकडे काठावरच्या गावांचे डोळे लागतात. पाणी आलं की पात्रातल्या आणि काठच्या विहिरी भरतात आणि नळाला धार येते. मालेगावच्या वस्तीनं आणि कारखान्यांनी नदीत जे सोडलं त्याचा काही अंश आमच्या वाट्याला येणार. आम्ही जे सोडू ते पुढच्या गावांच्या वाट्याला जाणार. तापी उकाईच्या धरणातून सुरतेला जाते, तिथलं शहर ते पाणी पितं आणि मग समुद्र लागतो. या रांगेत प्रत्येक गाव कुणाच्या तरी खालच्या अंगाला आहे आणि कुणाच्या तरी वरच्या अंगाला. तक्रार करताना आपण सगळे खालचे असतो. वरचे आहोत हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. तालुक्यातल्या एका गावात, नाव मुद्दाम सांगत नाही, पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब-उलट्यांची साथ आली. आशाताईंनी घरांची यादी केली तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. वरच्या आळीत कुणी आजारी नव्हतं, खालच्या आळीत घरटी एक तरी माणूस पडलेला होता. टाकी एकच, पाणी सोडणारा माणूस एकच. आम्ही टाकीजवळच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. खालच्या आळीतल्या नळाला तेच केलं. पाणी जसंच्या तसं राहिलं, रंग उमटलाच नाही. टाकीपासून तिथवर येताना वाटेत कशानं तरी क्लोरीन खाऊन टाकलं होतं.

गटारीवरची फरशी काढली तेव्हा उलगडा झाला. नळाची लोखंडी लाईन गटारीतून आडवी गेलेली. गंजून तिचे पापुद्रे सुटलेले आणि खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढं भोक. पाणी सुटलेलं असताना भोकातून धार बाहेर यायची आणि गटारीतच मिसळायची, म्हणून ती कुणाच्या नजरेला आली नव्हती. पण आमच्याकडे नळ रोज येत नाही. मधले कोरडे दिवस असतात. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते, आणि रिकामी होताना ती भोकाभोवती जे काही साचलंय ते आत ओढते. पुढच्या पाळीला पाणी सुटलं की ते सगळ्यात आधी खालच्या घरांच्या हंड्यांत. ज्यांनी नळाला मोटर लावली होती, त्यांच्याकडे ते आणखी जोरानं गेलं.

गटारीत संडासाचं पाणी कुठून आलं? वरच्या अंगाला एका घरानं शोषखड्डा न करता संडासाचा पाईप सरळ गटारीत सोडला होता. ते घर गावातलं सोवळ्याओवळ्याचं घर. देवाचं पाणी निराळ्या कळशीत, कळशी कुणी शिवायची नाही, अंघोळ झाल्याशिवाय चुलीपाशी कुणी जायचं नाही. त्या घरात एकही माणूस आजारी नव्हता, कारण त्यांची जोडणी भोकाच्या वर होती. घरातल्या कर्त्या माणसाला मी गटारीपाशी नेलं आणि पाईप, भोक, खालची आळी हे सगळं दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या पैशानं खड्डा खणायला घेतला.

तो माणूस वाईट नव्हता आणि ढोंगी तर नव्हताच. त्याचं सोवळं खरं होतं, पण ते एकाच दिशेनं चालत होतं. बाहेरचा विटाळ आत येऊ नये यासाठी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पहारा होता. आतला मळ बाहेर कुणाकडे जातो याच्यावर पहारा ठेवायचा असतो, असं त्याला ना घरात कुणी सांगितलं होतं, ना कीर्तनात. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. आपण सोवळं उलट्या दिशेनं पाळायला शिकलं पाहिजे. मला कोण शिवलं यापेक्षा माझं काय कुणाला जाऊन शिवतं, हा शुचितेचा पहिला प्रश्न झाला पाहिजे.

त्याच साथीत खालच्या आळीत दीड वर्षाचं एक लेकरू होतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं आणि दवाखान्यात न्यायचं. लेकरू वाचलं. पाजता पाजता त्याची आजी म्हणत होती, याच्या नशिबातच होतं, मागच्या जन्मीचं काहीतरी. त्या वाक्यानं मी बेचैन झालो आणि अजूनही आहे. मी कर्म मानतो. करावं तसं भरावं लागतं यावर माझा विश्वास आहे. पण इथे पाईप सोडला एकानं आणि डोळे खोल गेले दुसऱ्याच्या लेकराचे. कर्म कुठल्या मागच्या जन्मातलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीचं होतं, दीडशे फुटांवरच्या घरातलं होतं, आणि त्याचं फळ भलत्याच्या पदरात पडलं होतं.

कर्माचा सिद्धांत आपण वैयक्तिक खात्यासारखा समजून घेतला आहे, माझी जमा आणि माझा खर्च. पाणी असा हिशेब ठेवू देत नाही. म्हणून मला गीतेचा तिसरा अध्याय जवळचा वाटतो. तिथे कर्माबरोबर एक चक्र सांगितलं आहे. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस. जो हे चक्र पुढे चालवत नाही, त्याचं जगणं फुकट, असं भगवंत स्पष्ट सांगतात. घेतलेलं पुढे द्यायचं आणि पुढच्याला वापरता येईल असं द्यायचं, हा त्या चक्राचा अर्थ मी धरतो. नदीतून स्वच्छ पाणी घेऊन तिच्यात मैला परत करणारं गाव त्या चक्रात बसत नाही, मग त्या गावात कितीही होम होवोत.

उलट दिशेचं सोवळं म्हणजे काय, ते या देशानं एकदा करून दाखवलं आहे. आमच्या आजीच्या घोट्याजवळ एक पांढुरका, सुरकुतलेला वण होता. तो नारूचा. आताच्या पोरांना हा शब्द ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच आपलं भाग्य. पायावर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं जंताचं टोक दिसायचं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं, बोटभर, कधी त्याहूनही कमी. घाई केली आणि तुटलं की पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. हा जंत हातभराहून लांब, कधी मीटरभरही निघायचा. शेतीच्या ऐन हंगामात घरची कर्ती बाई काडी पायाला बांधून बसलेली, हे चित्र महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी पाहिलं आहे.

फोडाची आग थांबावी म्हणून माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचा आणि पाय पाण्यात बुडवायचा. पाय पाण्यात गेला की जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडायचा. पाण्यातले सूक्ष्म किडे ती गिळायचे. त्याच विहिरीचं पाणी न गाळता जो प्यायला, त्याच्या अंगातून वर्षभरानं नारू बाहेर पडायचा. आजी आग शमवायला पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षीच्या आजाऱ्यांचं बी पेरून आली. तिला ते कळायला काही मार्ग नव्हता.

नारूवर ना गोळी निघाली ना लस. 1983-84 च्या सुमारास राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याची शस्त्रं अगदी साधी होती. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून काठावरून पोहऱ्यानं शेंदायच्या विहिरी करायच्या, बोअर घेऊन हातपंप बसवायचे, पाणी दाट कापडानं गाळायचं, विहिरीत टेमिफॉस टाकायचं, आणि फोड आलेल्याला समजावायचं की बाबा, काही झालं तरी पाण्यात पाय घालू नकोस. जुलै 1996 मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. विचार करा, त्या आजाऱ्याला पाण्यात न उतरण्याचा स्वतःसाठी काहीच फायदा नव्हता. त्याच्या पायाची आग तर आणखी वाढणार होती. पुढच्या वर्षी कुणा अनोळखी माणसाला नारू होऊ नये म्हणून त्यानं आपली आग सोसायची होती. हजारो अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी ती सोसली. मला याच्याइतकं निर्मळ व्रत दुसरं माहीत नाही.

आणि पाणी गाळायची जुनी शिकवण तर आपल्या शेजारीच होती. जैन घरांतून पाणी गाळून घ्यायची चाल शतकानुशतकं आहे. त्यामागची भावना पाण्यातल्या बारीक जिवांना आपल्यापासून इजा होऊ नये ही. दुसऱ्या जिवाला आपल्यापासून जपायला घेतलेलं कापड शेवटी माणसालाही जपून गेलं.

याच्या अगदी उलट रीतही आपल्याकडे होती. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. वाजतगाजत गाडा शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे सोडायचा. पलीकडच्या गावानं तो त्याच्या पलीकडे सोडायचा. रोग कशानं होतो हे ठाऊक नव्हतं, माणसं पटापट मरत होती, त्या भीतीला दुसरी वाटही नव्हती. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण 1854 मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातल्या तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला, आणि आज शाळेतल्या पोरालाही हे सगळं माहीत आहे. तरी आपल्या प्रत्येक शहराचा नाला गावाबाहेर नदीत नेऊन सोडलेला असतो. नजरेआड झालं की आपण सुटलो अशी आपली समजूत. पंचगंगेच्या काठी कोल्हापूरचा घाट आणि मंदिरं, शहराला दक्षिण काशी म्हणायची परंपरा, आणि त्याच पंचगंगेच्या खालच्या अंगाला इचलकरंजी. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. शिवेपलीकडे सोडलेला गाडा कुणाच्या तरी अंगणात जाऊन थांबतोच.

सोवळ्याची दिशा चुकली की काय होतं, याचं सगळ्यात कडू उदाहरण महाडचं आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. तळं सार्वजनिक होतं. तिथे गुरं पाणी पीत होती, इतर धर्मांची माणसं पाणी भरत होती, फक्त अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या हिंदूंना मनाई होती. त्यांच्या पिण्यानं तळं बाटलं म्हणून पुढे शुद्धीचा विधी झाला. शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे 108 घडे तळ्यात बुडवून मंत्र म्हटले गेले. आरोग्याचं काम केलेला माणूस म्हणून मी हे वाचतो तेव्हा माझं मन थिजतं. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीनं पाण्याला काहीही झालं नव्हतं. पिण्याच्या पाण्यात शेण मात्र खरोखर गेलं, आणि ते शुद्धी म्हणून गेलं. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

त्याच महाडात 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचं दहन झालं. जन्मावरून माणसाला कायमचं हीन ठरवणारा ग्रंथ म्हणून ते झालं, आणि ते योग्यच होतं. याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असाही नियम आहे. तैत्तिरीय आरण्यकात तसाच नियम त्याहून जुना आहे. बौद्ध भिक्खूंच्या विनयात तो आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, हे प्रेषित मुहंमदांचं सांगणं हदीसमध्ये आहे. छावणीबाहेर खड्डा खणून विष्ठा मातीनं झाका, अशी आज्ञा ज्यू आणि ख्रिस्ती मानतात त्या जुन्या करारात आहे. म्हणजे उलट दिशेचं सोवळं मी नव्यानं काढलेलं नाही. ते सगळ्यांकडे लिहून ठेवलेलं होतं. आपल्या समाजानं दोन नियमांमधून निवड केली. दुसऱ्याच्या स्पर्शापासून मला वाचवणारा नियम सक्तीनं, काठी घेऊन पाळला. माझ्या घाणीपासून दुसऱ्याला वाचवणारा नियम पोथीतच राहिला.

आणि घाण तर रोज निघतेच. मग ती उचलण्यासाठी काही जातींना जन्मभर जुंपलं. ज्यानं मैला केला तो सोवळा आणि ज्यानं तो उचलला तो ओवळा, असा उफराटा हिशेब ठरला. हातानं मैला उचलायला लावण्यावर 1993 आणि पुन्हा 2013 मध्ये कायद्यानं बंदी आली, तरी सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या थांबत नाहीत. वारकरी म्हणून मला पंढरपूरची बाब सगळ्यात जास्त लागते. आमच्या खान्देशातून मुक्ताईची पालखी निघते, महिनाभर चालते आणि चंद्रभागेला पोचते. त्या वाळवंटात लाखो माणसांची सोय नसताना वर्षानुवर्षं जे होत होतं आणि ते ज्यांना हातानं उचलावं लागत होतं, त्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे वारकऱ्यांसाठी 65 एकरांचा तळ झाला, वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं आली. सोय झाली, तरी ती वापरायची आहे हे अजून सांगावं लागतं. अभंग म्हणत चाललेल्या माणसाला हे पोलिसानं का सांगावं? टाळकऱ्यानं टाळकऱ्याला सांगावं.

गाडगेबाबांनी ते सांगितलं. गावात आले की आधी खराटा घ्यायचे, रस्ते आणि गटारी झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. 1956 च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली राज्यात सुरू झालं तेव्हा मी नोकरीत होतो, आणि गावं नुसत्या चढाओढीनं नव्हे तर उमेदीनं कामाला लागलेली पाहिली. बाबांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. झाडणं हे कीर्तनाच्या आधीचं कीर्तन होतं. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि क्रम विसरतो.

यावर मला एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. लोक म्हणतात, यात धर्म कशाला आणता? जलशुद्धीकरण केंद्र हवं, भूमिगत गटार हवी, सांडपाणी प्रक्रिया हवी, जुनी लाईन बदलायला पैसा हवा. हे सरकारचं आणि अभियंत्याचं काम. बरोबर आहे. पाईपला पडलेलं भोक अभंगानं बुजत नाही, आणि ज्या अधिकाऱ्याचं ते काम आहे त्याला भक्तीच्या नावाखाली सोडून देणं हा गुन्हा आहे. पण माझा प्रतिप्रश्न असा आहे की लाईन बदलायला पैसा कशामुळे मिळतो? गावानं मागितल्यामुळे. आणि गाव काय मागतं? मी अनेक ग्रामसभांना बसलो आहे. सभामंडपासाठी हात वर होतात, वर्गणी जमते, कमान उभी राहते. गटारीचा विषय निघाला की माणसं उठायला लागतात. समाजाला लाज कशाची वाटावी आणि अभिमान कशाचा वाटावा, हे पुष्कळ अंशी धर्म ठरवतो. गावात देवळाचा कळस नाही याची लाज वाटते. पाणी धोक्याचं म्हणून पंचायतीला लाल कार्ड मिळालं याची वाटत नाही. ती वाटायला लागली की अभियंता आपोआप कामाला लागेल, कारण त्याच्या दारात गाव बसलेलं असेल.

एकनाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. गोष्टीचा अर्थ भूतदया असा सांगतात, आणि तो खराच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. गाढवाला पाजता येईल इतकं ते पाणी नाथांनी एवढ्या वाटेवर निर्मळ राखलं होतं. तीर्थ म्हणून खांद्यावर घेतलेलं पाणी वाटेत भेटणाऱ्या कुठल्याही जिवाच्या तोंडी देता आलं पाहिजे. देता येत नसेल तर ते देवाच्या डोक्यावर घालूनही काय उपयोग?

आता सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर. नदीचं देवपण आपल्या घाणीनं जात नाही, हे म्हाताऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण ती देवता आहे हे आपण खरोखर मानतो का, याचा पुरावा काठावरच्या आरतीत मिळणार नाही. तो पुढच्या गावातल्या लेकराच्या पोटात मिळेल. देव मानणं म्हणजे त्याच्यापुढे स्वतःला आवरणं. नदीपुढे आवरणं म्हणजे आपला मैला, आपला साबण, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या, कारखान्याचं रंगीत पाणी, सगळं अडवून आधी स्वतः निस्तरणं.

म्हणून माझं आमच्या वारकरी मंडळींना, आणि मशिदीत, विहारात, चर्चमध्ये बसणाऱ्या सगळ्यांनाच, कळकळीचं सांगणं आहे. सप्ताह बसायच्या आधी वीणेची जागा ठरवतो तशी पाण्याची तपासणी ठरवा. महाप्रसादाच्या टाकीत मापानं टीसीएल टाका, अर्धा तास थांबा, ओटीचा रंग सगळ्यांसमोर बघा. बुवांना विनंती करा की एका कीर्तनात हात धुण्यावर आणि शोषखड्ड्यावर बोला. विहीर आणि खड्डा यांच्यात निदान 15 मीटर अंतर असावं, एवढं एक वाक्य व्यासपीठावरून गेलं तरी कितीतरी घरं वाचतील. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खाली फुटलेला खडक, वरचं सगळं सरळ विहिरीत उतरतं. नळाची लाईन गटारीतून जात असेल तर ती उचलून घ्या, आणि तोवर सभामंडपाची वर्गणी थांबवली तरी विठ्ठल रागावणार नाही. सफाई करणाऱ्या माणसाला हातमोजे, यंत्र आणि पुरता पगार मिळतो का, हे देवस्थानच्या हिशेबाइतकंच बारकाईनं विचारा. आणि दर पावसाळ्याआधी एकदा नदीच्या खालच्या अंगाच्या गावात जाऊन विचारा की आमच्यामुळे तुम्हाला काही त्रास होतो का. वरच्या गावाकडे तक्रार न्यायचा हक्क या विचारण्यातून मिळतो. ज्या दिवशी पाचोरा तालुक्यातलं एक तरी गाव असं विचारायला जाईल, त्या दिवशी तिथे धर्म जिवंत आहे असं मी मानेन.